साडेनऊ बोटं

दार लोटून घ्या आधी. आणि तो कोपऱ्यातला मोबाइल खाली ठेवणार असेल तर सांगतो, नाहीतर मी आपला चाललो झोपायला. माझा भुतांवर विश्वास आहे का, असलं काही मध्येच विचारायचं नाही. माझ्या मित्राच्या घरी घडलेलं आहे, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. त्याला थापा सुचतच नाहीत, एवढा सरळ माणूस.

सगळे त्याला फोरमन म्हणतात. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तो मोठ्या प्रेसवर आहे. प्रेस म्हणजे, वरून हे एवढं मोठं वजन खाली येतं आणि पत्र्याला आकार देतं. मध्ये हात राहिला तर हातालाही देतं. म्हणून तिथे एक नियम आहे. वजन सोडण्याआधी वरच्याने ओरडायचं, "हात दाखव!" खालच्याने दोन्ही हात दाखवायचे. वरच्याने म्हणायचं, "दिसले." मगच सोडायचं. फोरमनच्या अंगात हे इतकं मुरलेलं, की घरी कपाटाचं दार लावतानाही तो बायकोला म्हणायचा, हात दाखव. ती दमून हात पुढे करायची. "दिसले का? मग ये आता जेवायला."

तर या फोरमनला एक खूळ होतं. जुनी स्पोर्ट्स कार. दोनच माणसांची, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. कधीकाळी लाल असेल, आता विटकरी झालेली. एका बंद घराच्या मागे ताडपत्रीखाली पडून होती, ती त्याने उचलून आणली. इंजिन जाम. ते उतरवून, उघडून, पुन्हा बसवायचं आणि बायकोला शेजारी बसवून एक चक्कर मारायची, एवढंच त्याचं स्वप्न. बायको म्हणायची, "मी नाही बसणार त्यात. उठताना कंबर धरेल माझी."

गेल्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार. संध्याकाळी तो वेल्डरकडे गेला. इंजिन उचलायला साखळीचा कप्पी-ब्लॉक लागतो, तो मागायला. वेल्डर जुना ओळखीचा. त्याने ब्लॉक काढून दिला, पण हातातून सोडेना.

"ब्रेक जरा सरकतो याचा. वजन असेपर्यंत साखळी हातातून सोडायची नाही. आणि सकाळी परत हवा, मला काम आहे." मग जरा थांबून म्हणाला, "कुठली गाडी? ती विटकरी?"

"हो. का रे?"

"साडेनऊची ती."

"साडेनऊ?"

"अरे, त्याची करंगळी अर्धी होती. फॅनच्या पट्ट्यात गेलेली. आम्ही साडेनऊच म्हणायचो, तोही हसायचा. त्यानेही इंजिन उतरवायला हाच ब्लॉक नेला होता. परत द्यायला बायको आली त्याची. खाली ठेवला आणि म्हणाली, मला वाटलं तो बाहेर आला होता. एवढंच. मग मीही काही विचारलं नाही बाबा."

फोरमनने ऐकलं आणि या कानाने घेऊन त्या कानाने सोडून दिलं. डोक्यात गाडी बसलेली होती ना!

घराला लागूनच गॅरेज. आतल्या दाराने थेट घरात जाता यायचं. रात्री जेवणं झाल्यावर मदतीला मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, पंचविशीतला, अंगाने अगदी काडी. बायकोने फोरमनला स्वयंपाकघरात गाठलं. एरवी थट्टा करणारी बाई, पण तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता.

"मला एकच भाऊ आहे. त्याला गाडीखाली घालायचं नाही. शब्द दे."

"दिला. मीच जाईन खाली."

ती झोपायला गेली. हे दोघं कामाला लागले. गाडी आधीच लोखंडी स्टँडवर चढवलेली, बॉनेट काढलेलं. पाण्याचे पाइप सोडवले, तारांवर चिकटपट्ट्या लावून खुणा केल्या, इंजिनाचे बाजूचे बोल्ट काढले. मेहुणा प्रत्येक बोल्टला नाव ठेवत होता. एकाचं नाव भाऊजी ठेवलं, कारण तो हलतच नव्हता. वरच्या लोखंडी तुळईला ब्लॉक टांगला, हुक अडकवला, आणि फोरमनने साखळी ओढली. इंजिन जरासं उचललं गेलं. मग अडलं. गिअरबॉक्सचा मागचा बोल्ट राहिला होता. तो खालूनच निघणार.

फोरमन आडवा झाला. खांदे गेले. पोट गेलं नाही.

"भाऊजी, तुम्ही गाडी घ्यायच्या आधी माप द्यायला हवं होतं," मेहुणा म्हणाला. "मी जातो. दोन मिनिटांचं काम आहे."

"नको. ताईला शब्द दिलाय."

"ताई झोपलीय. आणि साखळी सकाळी परत द्यायचीय."

फोरमनला हो म्हणायला नको होतं. पण तो हो म्हणाला. साडेअकरा वाजले होते. मेहुणा पाठीवर सरकत आत गेला. डोकं डाव्या बाजूला, पाय उजव्या बाजूला. फोरमन गाडीच्या नाकासमोर साखळी धरून उभा. वरून इंजिनाचं सगळं वजन त्याच्या हातांवर.

खालून पान्ह्याचा आवाज. कुरकुर. मग मेहुण्याचा आवाज, "भाऊजी, ताण आलाय. जरा खाली सोडा, म्हणजे बोल्ट मोकळा होईल."

"आधी हात दाखव."

"अहो, मी काय प्रेसखाली आहे का!"

"हात दाखव म्हणतो ना!"

डाव्या दाराखालून दोन हात बाहेर आले. काळे, तेलकट. मेहुण्याने बोटं नाचवून दाखवली. फोरमन हसला. दिसले, म्हणायला त्याने तोंड उघडलं.

आणि उजव्या बाजूने एक हात बाहेर आला.

पालथा होता. मग सावकाश उलटला. तळवा वर... बोटं पसरलेली.

करंगळी अर्धी.

फोरमनने पुन्हा डावीकडे पाहिलं. दोन हात. उजवीकडे एक. तो मला म्हणाला, मी तीनदा मोजले. मग मोजायची भीती वाटायला लागली.

"भाऊजी? दिसले ना?"

उजवीकडचा हात तसाच होता. वाट बघत असल्यासारखा. मग तो आत गेला. गाडीखाली, सावकाश.

"बाहेर ये," फोरमन म्हणाला. "आत्ता. बोल्ट राहू दे."

"आलो." घासल्याचा आवाज. मग थांबला. "भाऊजी..."

"काय?"

"पाय सोडा ना माझा."

फोरमन गाडीच्या नाकासमोर उभा होता. दोन्ही हात साखळीवर.

"भाऊजी, चेष्टा नको. सोडा."

"मी... मी इथे आहे रे."

मग पोराचा श्वास तेवढा ऐकू आला, भराभरा.

आणि वर ब्रेक सरकला. टक्. साखळीची एक कडी. इंजिन बोटभर खाली आलं. फोरमनने सगळा जोर लावून साखळी धरली. हातांना तेल. टक्. आणखी एक कडी. सोडून पोराला ओढायला धावलो तर इंजिन पडणार. धरून राहिलो तर हात सुटणार. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मला एकच भाऊ आहे. त्याने हाका मारायला तोंड उघडलं, पण हाक मारून ती येईपर्यंत...

"भाऊजी, ओढतोय. आत ओढतोय मला..."

टक्.

आणि तेव्हा त्याला वेल्डरचं बोलणं आठवलं. मला वाटलं तो बाहेर आला होता. म्हणजे साडेनऊच्या बायकोच्या हातात साखळी होती. हीच. खाली तिचा नवरा होता. त्याने हात दाखवला असेल, नसेल... तिने नीट पाहिलं नाही. तिने सोडलं. त्याला कोणी बाहेर ये म्हटलंच नाही.

फोरमनने उजव्या बाजूला तोंड केलं. कारखान्यात म्हणतात तसंच म्हणाला, मोठ्याने.

"हात दाखव."



हात बाहेर आला. अर्धी करंगळी.

"दिसला," फोरमन म्हणाला. "तुझाही दिसला. ये बाहेर. दोघंही बाहेर या."

हात तसाच राहिला. मग... दिसेनासा झाला.

आणि मेहुणा डाव्या बाजूने असा सुटून आला की भिंतीवर आपटला. त्याच क्षणी साखळी निसटली. इंजिन धाडकन खाली बसलं. गाडी स्टँडवरून घसरली, पोट फरशीला टेकलं. पोराचं डोकं जिथे होतं तिथे आता कागदही सरकला नसता.

दोघं एकमेकांना धरून उभे. मेहुणा लहान मुलासारखा रडत होता. फोरमनही रडला, तो सांगायला लाजत नाही. शब्द मोडला होता आणि तरी पोरगं वाचलं होतं.

रडता रडता त्याला वाटलं, आतलं दार हललं. घरात जायचं दार. जरासं उघडलं... आणि कुणी बेताने लोटावं तसं लागलं. एवढ्या आवाजाने बायको जागी झाली असेल, असं त्याला वाटलं. पण ती आली नाही. तिची झोप गाढ. मग वारा असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. वारा नव्हता.

गॅरेजमध्ये थांबायची दोघांचीही छाती नव्हती. बाहेरच्या दाराने ते रस्त्यावर आले आणि उजाडेपर्यंत दिव्याच्या खांबाखाली पायरीवर बसून राहिले. झोपायच्या खोलीची खिडकी तिथून दिसत होती. अंधारी. तिला उठवून सांगायचं तरी काय, हे ठरत नव्हतं. सकाळी सांगू, मेहुणा म्हणाला. सकाळी सांगू, फोरमन म्हणाला.

सकाळी तीच चहा घेऊन बाहेर आली. भावाला नीट उभं असलेलं पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग फोरमनवर घसरली.

"तुझं प्रेसचं वेड आता झोपेतही आलं का रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? रात्री उशाशी उभा राहून हात काय दाखवत होतास? मी विचारलं, काय हवंय? तर बोलेना. नुसता हात पुढे. शेवटी म्हटलं, दिसला बाबा दिसला, ये आता झोपायला. तेव्हा कुठे आडवा झालास."

फोरमनने मेहुण्याकडे पाहिलं. मेहुण्याने कप खाली ठेवला.

"आणि झोपायच्या आधी हात तरी धुवायचे! पांढरं कव्हर होतं ते."

तो आत गेला. बिछान्याच्या तिच्या बाजूला तिच्या डोक्याचा खळगा होता. त्याच्या बाजूला, त्याच्या उशीवर, तेलाचा काळा पंजा उमटला होता. चार बोटं पूर्ण होती आणि करंगळी अर्धी. तेल अजून ओलं होतं.