बकुळाआत्याची शीळ

त्या दिवशी बकुळाआत्या परळच्या इस्पितळातून निघाली ती थेट लालबागच्या मिठाईवाल्याकडे, पेढे घ्यायला. "अर्धा किलो बांधा," असं म्हणून तिने दुकानातल्या आरशात पाहिलं आणि ती हसली. तोंडाच्या दोन्ही बाजूंनी. तब्बल तीन वर्षांनी.

कानाखालची गाठ काढताना तिच्या चेहऱ्याची नस तुटली होती. डावी बाजू भिंतीसारखी होऊन बसली. चहा ओघळायचा, डावा डोळा झोपेतही मिटायचा नाही. पण आत्याला खरी हळहळ होती शिळेची. पूर्वी तिने तिसऱ्या मजल्यावरून शीळ घातली की खाली गाडी ढकलणारा भाजीवाला जागच्या जागी थांबायचा. आता ओठ जुळायचे नाहीत. नुसता वारा निघायचा.

मग इस्पितळात एका नव्या उपचाराची चाचणी सुरू झाली. दुधाच्या दाताच्या गरात मूळपेशी असतात, त्या वाढवून तुटलेल्या नसेपाशी सोडायच्या. भावाची सात वर्षांची रुचा घरातच होती आणि तिचा पुढचा दात हलत होता. दात पडला की लगेच टाकायला इस्पितळाने गुलाबी पाण्याची एक नळी दिली. रुचा मात्र फुरंगटली. "दात कौलांवर टाकायचा असतो! नाहीतर नवीन येत नाही." कशीबशी तिची समजूत घातली.

आठ महिन्यांत आधी पापणी मिटू लागली, मग गाल हलला. आणि आज सकाळी डॉक्टर प्राची म्हणाल्या, "शीळ घालून बघा." अशी खणखणीत शीळ निघाली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. डॉक्टरही हसल्या. "इतक्या जोमाने वाढलेल्या पेशी मी पहिल्यांदाच पाहिल्या. भाची गुणी आहे हं तुमची!"

संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत पेढे वाटले गेले. घराघरांतून उदबत्तीचा वास येत होता; वरच्या कौलांवरून शेवाळाचा ओलसर वास उतरत होता. शेजारच्या गंगुबाईंनी आत्याच्या गालावरून हात फिरवला.

"गो बकुळा, केवढा गोड हसतस! पण दिवेलागणीक शीळ घालू नको हां. कोणतरी ओ देता."

"देऊ दे की, काकी. तीन वर्षं गप्प होते मी."

गंगुबाई हसत आत गेल्या. रुचाने दुसरा पेढा उचलला. आत्याने तिला जवळ ओढलं. "तुझ्या दाताची करामत गं ही सगळी."

रुचाचं चावणं थांबलं. "आत्या... तू रागावणार नाहीस ना?"

"आज? छे!"

"मी माझा दात वर टाकला. कौलांवर."

"मग नळीत काय होतं?"

"वरून दुसरा आला ना... घरंगळत."

"वेडे, तुझाच परत आला असेल तो."

"नाही गं. माझ्या दातावर काळा डाग होता. हा पांढराशुभ्र होता." रुचाचा आवाज अगदी बारीक झाला. "आणि... गरम होता."

आत्याने वर कौलांकडे पाहिलं. चाळीत आता रुचाखेरीज लहान मूल नव्हतं. बाकीची कुटुंबं कधीच विरार-डोंबिवलीला गेली होती.

पण आजचा दिवस भ्यायचा नव्हता. पोरीची काहीतरी कल्पना, असं मनाशी म्हणत आत्याने ओठ जुळवले आणि आपली जुनी, लांबलचक शीळ घातली. ती गॅलरीतून रस्त्यावर गेली, समोरच्या इमारतीवर आपटली, विरली. खाली कुणीतरी टाळ्या वाजवल्या. आत्या खुदकन हसली.

मग वरून, कौलांच्या मागून, तीच शीळ आली... हळू, जरा फुसफुसती. पुढचा दात पडलेल्या तोंडातून यावी तशी.

रुचा तिच्या कुशीत होती. तोंडात पेढा.

आत्याचा उजवा गाल भीतीने ताठ झाला. डावा मात्र हळूहळू वर चढला आणि ओळखीचं कुणी दिसावं तसा हसला.