क्लॅरिनेटवाल्याची जागा

पटो न पटो, हे दिलावरच्या डोळ्यांसमोर घडलंय. १९७२चा मे महिना. नेवाशाजवळ प्रवरेचं कोरडं पात्र. भर दुपार.

दिलावर भिंगारच्या एका बँडमध्ये ढोल वाजवायचा. बँडच्या गाण्याची फिल्म काढून थिएटरात मध्यंतराला दाखवायची, असं ठरलं होतं. दिग्दर्शक होता नगरचा स्टुडिओवाला रंगनाथ. गाणं आधीच टेपवर घेतलेलं. आता टेप लावायची आणि सगळ्यांनी वाजवल्यासारखं करत चालायचं.

पण टेपवर क्लॅरिनेट वाजवणारा लालमहंमद महिन्यापूर्वीच वारला होता.

त्याच्या जागी रंगनाथने बन्सीला उभं केलं. देखणा गडी. वाजवता काही येत नव्हतं.

दिलावरचं टाळकं सरकलं.

"फुंक त्याची अन् तोंड ह्याचं? जागा मोकळी ठिवा!"

"मोकळी जागा कोण बघणार? लोकांना चेहरा लागतो. कॅमेरा क्लॅरिनेटवरच जाणार आहे."

टेप सुरू झाली. ढोल आला. ट्रम्पेट आला.

क्लॅरिनेट... आलंच नाही.

"सकाळी तर होतं!" रंगनाथने टेप मागे फिरवली. पुन्हा तेच. बाकी सगळी वाद्यं जागच्या जागी, आणि मध्ये... नुसती शांतता.

"तूच पुसलंस!" रंगनाथ अंगावर धावला.

दिलावरने त्याची कॉलर धरली. "माझ्या दोस्ताचा आवाज मी पुसीन व्हय रे?"

रंगनाथने खाडकन टेप बंद केली.

आणि तेव्हाच... क्लॅरिनेट वाजलं.

बन्सीच्या हातात. तोंडापासून हातभर लांब.

बन्सी ते वाळूत टाकून पळाला, तो थेट रस्त्यापर्यंत.

"आता तरी ठिव मोकळी!" दिलावर ओरडला.

रंगनाथने मुकाट्याने ठेवली. टेप लागली. क्लॅरिनेट होतं. पहिल्या सुरापासून.

फिल्म धुऊन आली. स्टुडिओत पडदा लावला. लालमहंमदची बायको सकीना मुद्दाम आली होती.

पडद्यावर रांग चालत होती. मध्ये मोकळी जागा. आणि त्या जागेत... दर ठेक्याला धूळ उडत होती.

एक पाऊल. दुसरं पाऊल.

दिलावरचे डोळे भरले. "भाभी, बघा. आला आपला लालमहंमद."

सकीना उठून उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"भाईजान, हे ते न्हाईत. त्यांचा डावा पाय फरफटायचा. ह्यो... कोन चालतोय?"

दिलावरला तो पाय ठाऊक होता. तरी पडद्यावरची पावलं सरळ पडतायत, हे दिसलं नव्हतं.

त्याने फिल्म उचकटली आणि अंगणात नेऊन जाळली. रंगनाथ शिव्या देत राहिला.

आजही विषय काढला की दिलावर भडकतो. हातातलं असेल ते आपटतो. मग आवाज खाली येतो.

"त्या दिवशी मी एवढा भांडलो... ते कुनासाठी?"