पाच नंबरचा पलंग

दिग्दर्शकानं वर्तमानपत्राचं कात्रण वहिनींच्या पुढ्यात टाकलं. "नऊ वर्षांनी मालिका परत येतेय. पहिल्याच भागात मोठे डॉक्टर मरतात, हे गुपित होतं. आठ दिवसांपूर्वी हा फोटो छापून आला. सेटवर फोन आणायला बंदी आहे. फोटो काढायचा कॅमेरा फक्त हिच्याकडे असतो. संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी सापडलं नाही, तर ही घरी."

ही म्हणजे कंटिन्युइटीवाली. एका शॉटमधली वस्तू पुढच्या शॉटमध्ये जागच्या जागी आहे ना, ते बघणारी. रडून तिचा चेहरा सुजला होता.

भावजींना फोटो आठवला. चहा पिताना त्यांनी तो पाहिला होता आणि "अरेरे" म्हणून पान उलटलं होतं. एरवी वहिनींच्या तपासात ते नुसते पिशवी धरायला जात. आज मात्र डॉक्टरांचं काम करणारे नट भेटणार म्हणून इस्त्रीचा शर्ट घातला होता; भावजींच्या लेखी ते डॉक्टरच. जुन्या मालिकेचा एकही भाग त्यांनी चुकवला नव्हता.

"काय दिसतंय, भावजी?"

"पाच नंबरचा पलंग. डोक्यावरून चादर. पायथ्याशी डॉक्टरांच्या नावाचा तक्ता. टेबलावर थर्मास, ग्लास. पलीकडे दोन पलंग, नुसत्या गाद्या."

कंटिन्युइटीवाली म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत कॅमेरा खुर्चीवर राहिला, ती माझी चूक. पण वॉर्ड मी नीट लावून गेले होते. चादरी, उश्या, सगळं."

मेकअपवाली म्हणाली, "डॉक्टर इथंच पलंगावर पडून होते. मी जेवायला निघाले तेव्हा त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. चादरीखाली काडी मोडते ना. त्याच्याशिवाय त्यांना समोरची भिंतही दिसत नाही."

डॉक्टर म्हातारे झाले होते, पण आवाज तोच होता. "मला डोळा लागला होता हो. कुणी फोटो काढला, कळलंच नाही."

भावजींना राहवलं नाही. "तुम्हाला बघून आमची आई ऑपरेशनला तयार झाली होती."

"म्हणजे लोक विसरले नाहीत," डॉक्टर म्हणाले. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं.

वहिनींनी सगळ्यांना पलंगाभोवती बोलावलं.

"डॉक्टर झोपले होते, तर फोटोत टेबलावर चष्मा हवा. तो नाही. म्हणजे तो त्यांच्या नाकावर होता आणि ते उठलेले होते. मग चादरीखाली काय? पलीकडच्या पलंगांवरच्या उश्या आणि चादरी. लावलेल्या होत्या, फोटोत नाहीत. डॉक्टर, फोटो तुम्हीच काढलात."

डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसले.

"वाटलं, लोक आरडाओरडा करतील. डॉक्टरांना मारू नका म्हणतील. मला दुसरं काही येत नाही हो."

"आठ दिवसांत एकच पत्र आलं," दिग्दर्शक म्हणाला. त्याचा राग ओसरला होता. "नवी डॉक्टरीण कोण, म्हणून विचारलंय. झोपा आता, शॉट घेऊ."

डॉक्टर आडवे झाले. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. कंटिन्युइटीवालीनं तो हळूच उचलून घेतला आणि चादर त्यांच्या डोक्यावरून ओढली.

"मी पत्र लिहायला हवं होतं, वहिनी," भावजी म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या.