माहगुलची डावी बाजू

ही गोष्ट खरी आहे. खोटी सांगायची असती, तर मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

रशियन फौजा निघून गेल्याला हे दुसरं वर्ष. हेरातजवळचं आमचं गाव. मागच्या शुक्रवारची टळटळीत दुपार.

मी गालिच्यांचा व्यापारी. म्हणजे विणायच्या बायको जमीला आणि मेव्हणी माहगुल. उजवी बाजू जमीलाची, डावी माहगुलची. पूर्वी फुलं विणायच्या. मग परदेशी गिऱ्हाइकांना रणगाडे आवडू लागले.

"दाजी, एक तरी फूल घालू द्या की," माहगुल म्हणायची.

"फुलं त्यांच्याकडेही उगवतात."

एकदा दलालाने गालिचा परत पाठवला. रणगाड्याची चाकं चुकली म्हणे. नाल्यापलीकडच्या शेतात एक जळका रणगाडा उभा होता.

"जा, चाकं मोजून ये," मी माहगुलला म्हटलं.

"तिथे सुरुंग पेरलेत म्हणतात. तुम्हीच या की मोजून."

"आणि विणणार कोण, मी?"

ती गेली...

आवाज गावभर ऐकू आला.

माहगुलचा चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाला. मागावरचा नवा गालिचा अर्धाच राहिला. जमीला त्याला हात लावेना. मी खोलीला कुलूप घातलं. किल्ली माझ्याच खिशात.

शुक्रवारी आतून आवाज आला...

धप. धप. धप.

गाठी ठोकायच्या लोखंडी फणीचा.

कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं.

उजवी बाजू होती तशीच. डावी मात्र चार बोटं वाढली होती. विणकामात असं होत नाही.

वाढलेल्या भागात एक हिरवी, गोल नक्षी. म्हटलं, घातलं शेवटी फूल.

दुसऱ्या दिवशी त्यावर एक चप्पल विणलेली होती. पांढऱ्या दोऱ्याने टाचलेल्या पट्ट्याची.

मी माझ्या पायांकडे पाहिलं.

आणि कळलं... ते फूल नव्हतं.

गालिचा खालून वर विणत जातात. गुडघे आले. कंबर आली. पोट तर तिने जरा जास्तच काढलं.

काल कात्री घेऊन गेलो. जमीला मागोमाग आली.

"कापा की. पण आज तुम्ही गळ्यापर्यंत आलाय. वर नुसते धागे आहेत."

"आणि नाही कापलं तर?"

"तर अख्खे व्हाल. सुरुंगावर पाय देऊन." ती माझ्याकडे बघत राहिली. "तसं डोक्यावाचून तुमचं आजवर काही अडलेलं नाही."

मी कात्री खाली ठेवली.

हे खाटेवर बसून सांगतोय. पाय वर घेऊन. कालपासून जमिनीवर टेकवलेले नाहीत.

आत पुन्हा सुरू झालंय...

धप.

हनुवटी झाली असेल.