झोपाळ्याच्या सळया

जयवंत परबने झोपाळ्याच्या सळया दिवाणखान्यात ठेवल्या आणि कपाळावरचा घाम पुसला, तेवढ्यात आतून प्रश्न आला.

"आणि कुणी धपकन बसलं तर?"

विचारणारी उत्तरा सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मुलुंडच्या नव्या ब्लॉकमध्ये झोपाळा हवाच, हा तिच्या वडिलांचा, भाऊंचा हट्ट. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते; त्याआधी तो टांगायचा होता.

"पाच माणसांचं वजन धरलंय," जयवंत म्हणाला. गिरणी बंद पडल्यावर त्याच्या वडिलांनी घाटकोपरला लोखंडकामाची शेड घेतली होती. डिप्लोमा झालेला जयवंत तिथले भाराचे, ताणाचे हिशेब करायचा.

"हळूच बसलेली माणसं?"

"म्हणजे..." तो थांबला. तिच्याकडे पाहिलं — मग सळयांकडे. "भार एकदम आला की ताण दुप्पट. शिकलो होतो. वाट लागली!"

"निदान दुप्पट. उडी मारली तर आणखी."

"अगं, घरात काय माकडं आहेत?" भाऊ वैतागले.

जयवंतने मात्र सळया पुन्हा खांद्यावर घेतल्या. "काका, ताई बरोबर बोलतायत. दुसऱ्या करून आणतो."

ताई? ते तेवढं उत्तराला आवडलं नाही. बाकी सगळं आवडलं. चूक दाखवल्यावर चेहरा न पाडणारा मुलगा तिने कॉलेजात अजून पाहिला नव्हता.

गुरुवारी ती शेडवर गेली.

"जाड सळया घेतल्या?"

"नाही." त्याने एक टोक पुढे केलं. "नट बसवायला टोकाला आटे पाडले की सळई तिथेच बारीक होते. धक्का बसला की सगळं त्या जागेवर. म्हणून टोकं तापवून, ठोकून फुगवली, मग आटे पाडले. आता बारीक जागाच नाही. अख्खी सळई मिळून धक्का पोटात घेते... आणि परत देते."

उत्तराने आट्यांवरून बोट फिरवलं. सफाईदार काम होतं. "मला हे सुचलं नसतं."

"तुम्ही विचारलं नसतंत तर मलाही नाही, ताई."

"उत्तरा."

"उत्तरा," तो म्हणाला — जपून, जणू तापलेलं काही उचलतोय.

रविवारी सकाळी झोपाळा टांगून झाला. जयवंत मात्र निघेना. हातातला पाना पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

"झिजेल रे तो," उत्तरा म्हणाली.

"एक सांगायचं होतं... हळूहळू."

"पाहुणे चारला येतायत. हळूहळूला वेळ कुठाय?"

"पण एकदम सांगितलं तर ताण—"

"माझा हिशेब मी केलाय."

त्याने पाना खाली ठेवला. "मला तू आवडतेस. त्यांच्याआधी सांगायचं होतं."

उत्तरा उडी मारून झोपाळ्यावर बसली आणि शेजारच्या जागेवर हात आपटला. तो अलगद टेकायला गेला.

"असं नाही. धपकन!"

तो बसला. कड्या वाजल्या. सळया केसभर लांबल्या असतील. पुन्हा होत्या तेवढ्या झाल्या.

आवाज ऐकून भाऊ धावत बाहेर आले.

"भाऊ, पाहुण्यांना फोन करा. येऊ नका म्हणावं."

भाऊंनी तिच्याकडे पाहिलं, जयवंतकडे पाहिलं, मग वर कड्यांकडे. "हे असं एकदम सांगतात का गं?"

"बसा ना," ती सरकत म्हणाली. "पाच माणसांचा आहे."

भाऊंनी एक सळई ओढून पाहिली. मग बसले — धपकन.