चित्रपटात नसलेलं प्रकरण

"आजोबा, आजीची इथे चूक झाली आहे."

चार्वीने हाताने लिहिलेली काही पानं आजोबांपुढे ठेवली. २०५८ सालचा मे महिना होता. 'काळी भरती' हा चित्रपट पुळणवाडीतल्या सगळ्यांनी पाहिला होता. त्यात तीस मजली लाट येते आणि एका दिवसात किनाऱ्यावरची गावं बुडतात. त्यावरून कादंबरी लिहायचं काम एका प्रकाशकाने चार्वीच्या मालिनीआजीला दिलं होतं. अशा कामात पटकथा (चित्रपटाचा प्रसंगवार लिहिलेला मजकूर) पुढ्यात असते आणि एकेका प्रसंगाचं एकेक प्रकरण करायचं असतं. आजीने अकरा प्रकरणं तशीच लिहिली. बारावं झालं आणि ती आजारी पडली. फेब्रुवारीत ती गेली. तेव्हापासून आजोबांनी त्या पानांना हात लावला नव्हता.

"बाराव्या प्रकरणात लाट यायला हवी," चार्वी म्हणाली. "पण इथे लाटच नाही. एक बाई सकाळी चहा करते. चहा फाटतो. ती दूध बदलते, तरी फाटतो. मग ती विहिरीचं पाणी चाखते आणि म्हणते, समुद्र आला. पण आजोबा, समुद्र तर वाळूच्या पुळणीच्या पलीकडेच आहे! मग तो आला कुठून?"

आजोबा भूजलतज्ज्ञ (जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणारे) होते. त्यांनी पान दोनदा वाचलं.

"चूक तिची नाही," ते म्हणाले. "सहा महिने ती मला सांगत होती, चहा फाटतो म्हणून. मी दूधवाला बदलला. जन्मभर लोकांच्या विहिरी तपासल्या मी, आणि घरातला चहा फाटला तर पाणी न चाखता दुधाला दोष दिला."

मग ते एकदम उठले. "तुझी आई कुठे आहे?"

चार्वीची आई गावची सरपंच होती. घरोघरी पाणी पुरवणाऱ्या सार्वजनिक विहिरीचं पाणी खाली गेलं होतं, म्हणून तळातून आणखी सात मीटर खोदायचं ठरलं होतं. खोदाईचं स्वयंचलित यंत्र विहिरीपाशी येऊन उभं होतं. आई तिथेच होती. हर्षलकाका खोपटकरही होते. आठ दिवसांवर त्यांच्या मुलीचं लग्न होतं, म्हणून मांडवातली पिंपं भरायला त्यांनी पहाटेपासून विहिरीवर पंप लावला होता.

"प्राजक्ता, यंत्र थांबव," आजोबा तिथे पोचताच आईला म्हणाले.

"अहो, माझ्याकडे आठशे माणसं येणार आहेत," हर्षलकाका मध्येच बोलले. "त्यांना काय समुद्राचं पाणी पाजू?"

"खोदलं तर तेच पाजशील."

आजोबांनी चार्वीला घरातून काचेचा उभा पेला, आगळ आणि चमचा आणायला पिटाळलं. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला लाल रस. वाटेतल्या पपईच्या पानाचा पोकळ देठही तिला आणायला सांगितला. ती आल्यावर त्यांनी पेल्यात अर्ध्यापर्यंत आगळ ओतलं आणि त्यावर चमच्याच्या आधाराने अगदी हळू गोडं पाणी सोडलं. खाली लाल आणि वर नितळ, असे दोन थर दिसू लागले.

"मिसळलं का नाही?" चार्वीने विचारलं.

"आगळ जड आहे म्हणून. समुद्राचं पाणीही मिठामुळे जडच. एक लिटर गोडं पाणी एक किलो भरतं, समुद्राचं त्याहून पंचवीस ग्रॅम जास्त. हजारात पंचवीस, म्हणजे चाळिसात एक. आपल्या गावाखाली वाळू आहे. वाळूत समुद्राचं पाणी शिरलेलं आहे आणि त्यावर पावसाचं गोडं पाणी तरंगतं आहे. म्हणून समुद्राच्या पातळीच्या वर गोडं पाणी एक वीत असेल, तर खाली ते साधारण चाळीस विती असतं. आता सांग, वरची एक वीत उपसली तर?"

चार्वीने मनात हिशेब केला. "खालचं खारं पाणी... चाळीस विती वर येईल?"

"एका दिवसात नाही. हळूहळू येतं, म्हणून कुणाला दिसत नाही."

आजोबांनी देठाची नळी नितळ पाण्यात, लाल थराच्या जरा वर धरली आणि जोरात ओढलं. लाल पाण्याचं एक टोक वर उचललं गेलं आणि नळीत शिरलं.

"ही नळी म्हणजे तुझा पंप, हर्षल. आणि ते यंत्र नळी आणखी खाली नेणार, थेट लाल थरात."

आईने विहिरीतून पोहरा ओढला आणि पाणी चाखलं. तिने तोंड वाकडं केलं नाही, पण दुसरा घोटही घेतला नाही.

"मचूळ लागतंय," ती म्हणाली. मग तिने यंत्राची कळ दाबून त्याचा दिवा बंद केला. "खोदाई रद्द. पंप रोज एकच तास. लग्नाचं पाणी वरच्या कातळाच्या सड्यावरच्या झऱ्यातून टँकरने आणू. आणि पावसाआधी गावामागची दोन्ही तळी साफ करायची. बाबा, तेवढ्याने होईल?"

"पावसाचं पाणी तळ्यांत अडवलं की ते वाळूत मुरेल. वरून गोडं पाणी साठत गेलं की खारं खाली दबेल. पण वेळ लागेल."

"किती?" हर्षलकाकांनी विचारलं. "लग्नाला नाही, ते कळलं. नातवाच्या बारशाला तरी मिळेल का?"

"तो शाळेत जायला लागेल तेव्हा विचार."

"म्हणजे आधी मुलीचं लग्न, मग नातू, मग शाळा! तुमचा दम दांडगा आहे हो."

"मालिनीचं नीट ऐकून घ्यायचा दम नव्हता, म्हणूनच सहा महिने वाया घालवले मी," आजोबा म्हणाले.

हर्षलकाकांनी अर्ध्या भरलेल्या पिंपांकडे पाहिलं. मग ते पंपापाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो बंद केला.