दारूकोठारातली अर्धी मात्रा

संगीत शिबिराला यंदा चाळीस मुलं आली आणि समुद्रातल्या त्या जुन्या लष्करी किल्ल्यात सरावाला खोल्या पुरेनात. शिबीर चालवणाऱ्या नणंदेने मग वहिनीला जेवणाआधी दारूकोठार बघून यायला सांगितलं.

"आवाज फार घुमत नाही ना, एवढंच बघ. आणि भरतीचं पाणी तिथे शिरतं, त्याआधी बाहेर ये ग बाई," ती म्हणाली. मागच्या शिबिरात वहिनीचा नवरा इथेच पोहायला उतरला होता, तो काही परत आला नव्हता.

वहिनीचं व्हायोलिन, त्याची बासरी. माणूस गुणी, पण एक खोड हाडीमाशी भिनलेली: दर वेळी अर्धी मात्रा आधी शिरायचा. सतरा वर्षं तिने कानीकपाळी ओरडून सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्या शेवटच्या दिवशी तर मुलांदेखत ती म्हणाली होती, "जमत नसेल तर वाजवूच नकोस." तो हसला, टॉवेल खांद्यावर टाकून निघून गेला. तेवढं एक वाक्य तिला परत घ्यायचं होतं.

कोठारात भर दुपारी गारठा होता. शेवाळाचा वास नाकात बसत होता. तिने व्हायोलिन खांद्याला लावलं आणि हात आपोआप दोघांच्या जुन्या धुनेकडे वळले. बासरीसाठी चार मात्रा मोकळ्या सोडायच्या. एक, दोन, तीन... चौथी अर्धीच झाली होती, तोच बासरी शिरली.

घुमणारा आवाज मागून येतो हो, आधी कसा येईल?

"आलास?... असाच ये रे. हवा तेव्हा ये. मी आता काही बोलायची नाही, मेल्या..." सवयीने शब्द निघून गेला आणि तिने जीभ चावली. रडता रडता तिला हसू फुटलं.

"वहिनी, पाणी चढतंय!" बाहेरून नणंद ओरडली.

"आले, आले. एकदाच..."

तिने पुन्हा धून धरली, पुन्हा चार मात्रा सोडल्या. एक, दोन, तीन, चार. बासरी थांबली, आणि नेमकी मात्रेवर आली. केसाइतकीही आधी नाही. सतरा वर्षांत एकदासुद्धा त्याला हे साधलं नव्हतं.

तिचा आनंद क्षणभरच टिकला. मी जीव तोडून शिकवलं तेव्हा नाही, आणि आता कुणाजवळ बसून शिकला हा?

तिचा गज खाली आला. बासरी चालूच होती. ओल्या फरशीवर कुणीतरी अनवाणी पायाने ठेका धरला होता आणि एका बाईचा आवाज, अगदी हळू, मायेने मोजत होता, "एक... दोन... तीन... थांब हं, राजा..."